बाबांच्या ई-रीडरला नेट कुठून द्यायचं?

प्रश्न

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि दुसऱ्या गावी एकटे राहतात. दिवसातला बराच वेळ वाचनात जातो. आता बारीक टाइप डोळ्यांना सोसत नाही आणि जाड पुस्तक फार वेळ हातात धरवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ई-रीडर घ्यायचं ठरवलंय. अडचण नेटची आहे. त्यांच्या घरी वाय-फाय नाही, आणि 'एकट्या माणसाला काय करायचंय' म्हणून ते घेतही नाहीत. स्मार्टफोन आहे, पण फोन घेणं आणि नातवंडांचे व्हिडिओ बघणं यापलीकडे ते जात नाहीत.

माझा मावसभाऊ त्याचा जुना किंडल, म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर, द्यायला तयार आहे. त्यात थ्रीजी आहे, सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही, कायमचं फुकट नेट, असं तो म्हणतो. माझा ओढा तिकडे आहे. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा सिमवाला टॅब्लेट घे. दुकानदार म्हणतो, हल्ली सगळे वाय-फायवालेच येतात, शिवाय ब्लूटूथ असतं. म्हणजे मी माझ्या फोनवरून ब्लूटूथने पुस्तकं टाकू शकेन का? बाबांकडे माझं जाणं दोन-तीन महिन्यांतून एकदा होतं. मधल्या काळात त्यांच्यापर्यंत पुस्तकं कशी पोचवू? जुन्या मासिकांचे अंकही त्यांना वाचायचे आहेत, ते माझ्याकडे पीडीएफमध्ये आहेत. बाबांचं एकच म्हणणं आहे: 'मला त्या भानगडीत पाडू नका, पुस्तक उघडलं की दिसलं पाहिजे.' काय घेऊ?

उत्तर

आधी मावसभावाच्या किंडलचं बोलू, कारण तुमचं मन तिकडे झुकलंय आणि तोच पर्याय तुम्ही सोडावा असं मला वाटतं.

तो सांगतोय ते एके काळी शब्दशः खरं होतं. नोव्हेंबर २००७ मध्ये पहिला किंडल अमेरिकेत आला तेव्हा त्यात वाय-फाय नव्हतंच. तो स्प्रिंट या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर चालायचा. वापरणाऱ्याला सिम घालावं लागत नसे की महिन्याचं बिल येत नसे, डेटाचा खर्च ॲमेझॉन उचलत असे. बसमध्ये, बागेत, जिथे मोबाइलची रेंज तिथे पुस्तक विकत घ्यायचं आणि मिनिटाभरात वाचायला सुरुवात करायची. कॉम्प्युटर लागत नाही, केबल लागत नाही, पासवर्ड लागत नाही. तुमच्या बाबांसारख्या माणसासाठी याहून सोयीचं काही आजवर झालेलं नाही, हे मी मनापासून म्हणते. २००९ मध्ये दुसऱ्या किंडलची अमेरिकेबाहेर चालणारी आवृत्ती आली. २०१० च्या तिसऱ्या पिढीपासून दोन प्रकार मिळू लागले, नुसतं वाय-फाय किंवा वाय-फाय आणि थ्रीजी दोन्ही. बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकविक्रेत्यांच्या नुक नावाच्या पहिल्या ई-रीडरमध्ये आणि सोनीच्या एका मॉडेलमध्येही थ्रीजी होतं.

पण यंत्रात रेडिओ, म्हणजे मोबाइलचा सिग्नल पकडणारा भाग, असून भागत नाही, समोर टॉवर लागतो. थ्रीजीच्या लहरी फोरजी आणि फाइव्हजीसाठी मोकळ्या करायच्या म्हणून मोबाइल कंपन्यांनी एकेक करून थ्रीजी बंद केलं. अमेरिकेत एटीअँडटीने फेब्रुवारी २०२२ मध्ये, व्हेरायझनने त्याच वर्षाच्या अखेरीस. स्प्रिंटचं जुनं जाळंही २०२२ मध्येच मिटलं. इतर देशांतही हेच घडलंय किंवा घडतंय. जुन्या किंडलमधला रेडिओ फोरजीची भाषा बोलत नाही आणि कोणत्याही अपडेटने त्याला ती शिकवता येत नाही. पहिला किंडल, दुसरा किंडल आणि मोठ्या पडद्याचा डीएक्स यांच्यात वाय-फाय नसल्यामुळे थ्रीजी गेल्यावर त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारी एक केबल तेवढी उरली. फोरजीवाले काही किंडल मधल्या काळात येऊन गेले, पण २०२१ च्या पेपरव्हाइट या किंडलला मोबाइल जाळ्याची आवृत्तीच निघाली नाही. दुकानदार म्हणतो ते बरोबर आहे, आता मुख्यतः वाय-फायच.

तरीही मावसभावाचं मन मोडायचं नसेल तर तो किंडल हातात घेऊन दोन गोष्टी बघा. सेटिंग्जमध्ये वाय-फाय दिसतंय का? आणि शेवटचं अपडेट कधी झालं होतं? २०१२ किंवा त्याआधीच्या बऱ्याच किंडलना २२ मार्च २०१६ पूर्वी एक ठरावीक अपडेट घ्यायचं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांना नंतर वाय-फाय असूनही ॲमेझॉनच्या सर्व्हरशी जोडता येईना, ते अपडेट केबलने टाकावं लागलं. कपाटात पडून राहिलेल्या यंत्रांचं हेच होतं. शिवाय ते यंत्र मावसभावाच्या ॲमेझॉन खात्यातून काढल्याशिवाय तुमच्या उपयोगाचं नाही. एवढं सगळं बाबांच्या गळ्यात घालू नका. तुम्हाला स्वतःला केबलने पुस्तकं टाकून वाचायची असतील तर जरूर घ्या.

आता तुमच्या काळजीचा मूळ मुद्दा. घरी वाय-फाय नाही म्हणून ई-रीडर अडून बसेल, असं तुम्ही धरून चाललाय. फोनचं किंवा टीव्हीचं तसं होतं, ई-रीडरचं होत नाही. त्याचा ई-इंकचा पडदा एकदा उमटलेलं पान वीज न घेता तसंच धरून ठेवतो आणि पुस्तक एकदा उतरलं की यंत्रातच राहतं. वाचताना नेट लागत नाही. नेट लागतं ते नवं पुस्तक यायला, वाचलेलं पान दुसऱ्या यंत्राशी जुळवायला आणि अधूनमधून अपडेटला. साधी कादंबरी, म्हणजे चित्रं नसलेला मजकूर, बहुधा एखाद-दोन एमबीची असते. नातवाचा एक छोटा व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तुमचे बाबा आठवड्याला दोन पुस्तकं संपवत असले तरी ई-रीडरला आठवड्यातून काही मिनिटं नेट पुरतं. तेवढं त्यांच्या खिशातला फोन देऊ शकतो.

म्हणून माझं उत्तर असं: वाय-फाय असलेला साधा, नवा, सहा-सात इंची ई-रीडर घ्या. नेट बाबांच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून द्या (म्हणजे फोनचं नेट वाय-फायने दुसऱ्या यंत्राला देण्याच्या सोयीने) आणि पुस्तकं पाठवायचं काम तुमच्याकडे घ्या. रेडिओ कोणता यापेक्षा पुस्तक पाठवणार कोण आणि कुठल्या वाटेने, हे आधी ठरवा. ते ठरलं की बाकीची निवड सोपी होते.

हॉटस्पॉटबद्दल जरा बारकाईने लिहिते, कारण लोक नेमके इथे अडतात आणि ई-रीडर वाईट निघाला म्हणून परत करतात. वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. नवे फोन वेगासाठी ५ ची पट्टी पसंत करतात. बऱ्याच ई-रीडरना, विशेषतः काही वर्षांपूर्वीच्या मॉडेलांना, फक्त २.४ कळतं. मग फोनवर हॉटस्पॉट चालू असतो, तुमचा लॅपटॉप त्याला लगेच जोडला जातो, आणि ई-रीडरच्या यादीत मात्र त्याचं नावच येत नाही. माणसाला वाटतं, यंत्र बिघडलंय. अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये बँड निवडायची सोय बहुधा असते, तिथे २.४ करा. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' हे बटण आहे, ते चालू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो. आयफोनवर पहिल्यांदा जोडताना ते पान उघडंच ठेवा. वेगाची चिंता नको, पुस्तकाला २.४ पुरून उरतं आणि ते भिंतीपलीकडेही जास्त चांगलं पोचतं.

त्याच सेटिंग्जमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवा. नुसतं डब्ल्यूपीए३ निवडलं असेल तर जुनं मॉडेल पासवर्ड बरोबर असूनही नकार देतं. हॉटस्पॉटचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, इमोजी आणि चिन्हं वगळून. पासवर्डमध्येही लहान अक्षरं आणि आकडे एवढंच, पण किमान आठ. ई-रीडरच्या पडद्यावरचा कीबोर्ड संथ असतो, प्रत्येक अक्षराला पडदा दमानं बदलतो, आणि त्यात मोठी अक्षरं नि चिन्हं शोधताना तुमच्यासारख्या सरावलेल्या माणसाचाही धीर सुटतो. हे एकदाच करायचंय. एकदा जोडलं की यंत्र नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवतं. मात्र पुढे फोन बदलला तर नव्या फोनच्या हॉटस्पॉटलाही तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, म्हणजे ई-रीडरला काही सांगावं लागणार नाही.

बाबांनी काय करायचं? तुम्ही फोनवर म्हणालात, 'बाबा, पुस्तक पाठवलंय,' की त्यांनी फोनवरचं हॉटस्पॉटचं बटण दाबायचं आणि ई-रीडरचा एअरप्लेन मोड काढायचा. पडदा जागा ठेवायचा, झोपू द्यायचा नाही. थोड्या वेळात पहिल्या पानावर नवं मुखपृष्ठ दिसतं. दिसलं की दोन्ही पूर्ववत. फोनमधलं हॉटस्पॉटचं बटण वरून खाली ओढायच्या पट्टीत अगदी पहिल्या ओळीत आणून ठेवा. हे चार टप्पे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ई-रीडरच्या कव्हरच्या आत चिकटवा. बटणांची नावं इंग्रजीत दिसत असतील तर कागदावर ती इंग्रजीतच लिहा, नाहीतर बाबा कागदावरचा शब्द पडद्यावर शोधत राहतील.

एअरप्लेन मोड परत लावायला मी आग्रहाने सांगतेय त्याचं कारण बॅटरी. पान धरून ठेवायला वीज लागत नाही, पण वाय-फायचा रेडिओ चालू असला आणि जवळ ओळखीचं जाळं नसलं तर तो शोधत राहतो. बंद ठेवला तर चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. दर दोन दिवसांनी चार्जर शोधावा लागला तर तीही बाबांच्या लेखी भानगडच. एक अपवाद आहे: मोठं अपडेट. ते काहीशे एमबीचं असू शकतं, बाबांचा दिवसाचा डेटा खाऊन टाकेल. अपडेट तुम्ही गेल्यावर तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर करा.

आता पुस्तकं पाठवायची वाट. इथे कंपनीनुसार फरक पडतो आणि खरेदीचा निर्णय मी यावरच घेईन. किंडल घेतला तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक ई-मेल पत्ता मिळतो. तुम्ही तुमच्या घरून त्या पत्त्यावर फाइल जोडून मेल पाठवायची. बाबांच्या यंत्राला पुढच्या वेळी नेट मिळालं की ती उतरते. तुमचा पत्ता खात्याच्या सेटिंग्जमध्ये परवानगीच्या यादीत आधी घालावा लागतो, नाहीतर मेल जातो आणि पुस्तक येत नाही. 'पाठवलं पण पोचलं नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. मेलने ५० एमबीपर्यंत जातं. 'सेंड टू किंडल' च्या वेबपानावरून किंवा ॲपमधून २०० एमबीपर्यंत. २०२२ पासून ईपब या प्रकारच्या ई-पुस्तकाची फाइल थेट पाठवता येते, मोबी हा जुना प्रकार मात्र या वाटेने आता चालत नाही. विकत घ्यायचं पुस्तक तुम्ही तुमच्या फोनवर घ्यायचं आणि कुठल्या यंत्रावर पाठवायचं तिथे बाबांचं यंत्र निवडायचं. यासाठी यंत्र तुमच्या खात्यावर नोंदवणं सोयीचं. त्याच खात्याला तुमचं कार्ड जोडलेलं असेल तर ई-रीडरमधल्या पॅरेंटल कंट्रोलमधून दुकान बंद करून ठेवा. बाबांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर चुकून बोट लागून खरेदी झाली तर त्यांनाच अपराधी वाटेल म्हणून.

किंडलबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोय काढून टाकली. तुमच्या स्वतःच्या फाइली केबलने अजून जातात, पण ॲमेझॉनकडून घेतलेली पुस्तकं आता वाय-फायवरूनच उतरवावी लागतात. मला हा बदल पटलेला नाही. ज्याच्या घरी नेट नाही त्याला केबल हा हक्काचा आधार होता. तुमच्या बाबतीत हॉटस्पॉटने काम भागेल, पण पुढेमागे बाबांचा फोन बंद पडला तर घेतलेलं नवं पुस्तक अडकून राहील, हे लक्षात ठेवून त्यांच्या यंत्रात नेहमी चार-पाच न वाचलेली पुस्तकं आधीच भरून ठेवा.

कोबो या दुसऱ्या कंपनीच्या काही ई-रीडरांत ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्ह या नेटवर फाइली साठवायच्या सोयींची जोडणी असते. तुम्ही घरून त्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की बाबांना ती यादीत दिसते, पण तिच्यावर बोट ठेवून ती त्यांना स्वतः उतरवून घ्यावी लागते. म्हणजे त्यांच्या वाट्याला एक पायरी जास्त. कोबो ज्या देशांत सार्वजनिक ग्रंथालयांशी जोडलेला आहे तिथे तो उत्तमच. पॉकेटबुक या आणखी एका कंपनीच्या ई-रीडरलाही मेलने पुस्तक पाठवायची सोय आहे आणि ड्रॉपबॉक्सही चालतो. यांच्यापैकी काहीही घ्यायच्या आधी जोडाक्षरांनी भरलेली एक मराठी ईपब त्या यंत्रात उघडून बघा. काही यंत्रांत देवनागरीची जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या जागेवर बसत नाहीत, आणि मग सगळी जोडणी बिनचूक असूनही वाचन होत नाही. ही तपासणी दुकानातच करा, फाइल सोबत न्या.

तुम्ही बाबांकडे लॅपटॉप घेऊन जाता का? मग कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घाला. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी ते लिहायला घेतलं आणि आज जवळजवळ प्रत्येक ई-रीडरशी त्याचं जमतं. त्यात 'कंटेंट सर्व्हर' नावाची सोय आहे. ती चालू केली की लॅपटॉप स्वतःच एक छोटं ग्रंथालय होतो. लॅपटॉप आणि ई-रीडर दोन्ही एकाच हॉटस्पॉटवर जोडायचे, ई-रीडरच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता (त्या जाळ्यावर त्याला मिळालेला आकडी पत्ता) आणि पुढे :८०८० लिहायचं (आकडे अर्थातच इंग्रजी), की तुमच्या संग्रहातली सगळी पुस्तकं यादीत दिसतात. किंडलसारख्या संथ ब्राउझरला पत्त्याच्या शेवटी /मोबाइल हा शब्द इंग्रजीत जोडला की हलकं पान मिळतं. यात फाइल इंटरनेटवर जातच नाही, लॅपटॉपमधून थेट ई-रीडरमध्ये येते, त्यामुळे डेटा जवळजवळ खर्च होत नाही. रेंज नसलेल्या घरातसुद्धा हे बहुधा चालतं, कारण हॉटस्पॉटचं काम इथे फक्त दोघांना एकमेकांशी जोडून देण्याचं आहे.

ब्लूटूथने पुस्तकं टाकता येतील का, याचं उत्तर किंडलपुरतं स्पष्ट नाही असं आहे. तिथलं ब्लूटूथ आवाजासाठी असतं: हेडफोन किंवा स्पीकर जोडून ऑडिओबुक ऐकायला, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीसाठी. फोनवरून फोटो पाठवतो तशी फाइल त्या वाटेने जात नाही. कोबोतही ते मुख्यतः ऑडिओबुकसाठी आहे. बाबांना ऐकायची आवड असेल तर ब्लूटूथ असलेलं मॉडेल घ्या, नसेल तर त्याकडे लक्षच देऊ नका.

भावाने सुचवलेल्या टॅब्लेटचा विचार मी करणार नाही. नेट सहज मिळेल हे खरं, पण चमकणारा पडदा, दर दिवसा-दोन दिवसांनी चार्जिंग आणि वाचताना वरून टपकणारे संदेश यांनी बाबांच्या थकलेल्या डोळ्यांना काय मिळणार? ई-इंकचा पडदा असलेले अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडरही मिळतात, उदाहरणार्थ बूक्स या कंपनीचे. त्यांत कुठलंही वाचनाचं ॲप घालता येतं, तुमच्या फोनच्या ब्राउझरमधून फाइल पाठवायचीही सोय आहे. ज्याला यंत्राशी खेळायला आवडतं त्याच्यासाठी ते छान. बाबांना त्यातल्या परवानग्या, अपडेट आणि सूचनांचे चौकोन निस्तरत बसावे लागतील.

पुढे कधी घरी राउटर आलाच, तर दोन-तीन गोष्टी आठवणीत ठेवा. राउटर आपोआप चॅनल निवडतो, आणि २.४ च्या पट्टीत तो १२ किंवा १३ वर गेला तर अमेरिकेसाठी बनलेल्या ई-रीडरला तो दिसतच नाही, कारण तिथे ही चॅनल वापरात नसतात. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ कायमचं लावून टाका. यंत्र बरेच दिवस पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर पडून असेल आणि वाय-फाय जोडलेलं दिसूनही काहीच उतरत नसेल, तर आधी यंत्राचं घड्याळ बघा. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं त्याला अवैध वाटतात आणि ते सर्व्हरशी बोलायला नकार देतं. आणि बाबा कधी रुग्णालयात किंवा प्रवासात असतील तर तिथल्या मोफत वाय-फायच्या नादी लागू नका. तिथे ब्राउझरमध्ये फोन नंबर टाका, ओटीपी टाका असं पान येतं आणि ई-रीडरच्या ब्राउझरला ते बहुधा झेपत नाही. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड दोन्ही मागणाऱ्या कार्यालयी जाळ्यांवरही बहुतेक ई-रीडर जात नाहीत. दोन्हीकडे फोनचा हॉटस्पॉटच बरा.

राहिले मासिकांचे अंक. ई-रीडर घ्यायच्या आधी त्या पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडा आणि एखादा शब्द माउसने निवडता येतो का बघा. येत नसेल तर ती पानांची छायाचित्रं आहेत. अशा अंकाची फाइल सहज ५० एमबीच्या वर जाते आणि मेलवाटे अडते, म्हणून ती वेबपानावरून पाठवा किंवा दोन तुकड्यांत कापा. सहा इंची पडद्यावर त्यातली अक्षरं बारीकच राहणार, कारण चित्रातल्या अक्षराचा आकार वाढवता येत नाही, फक्त पान ताणून मोठं करता येतं. शब्द निवडता येत असेल तर किंडलला पाठवताना मेलच्या विषयात इंग्रजीत 'कन्व्हर्ट' लिहा, पीडीएफचं साधं पुस्तक होऊन येतं आणि अक्षर मोठं करता येतं. पण जुने मराठी अंक बरेचदा युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांना सारख्या कळणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टमध्ये लावलेले असतात, रूपांतरानंतर त्यांचा नुसता चिन्हांचा चिवडा उरतो. म्हणून सगळे अंक एकदम पाठवू नका, एक पाठवून बाबांना पहिलं पान वाचून दाखवायला सांगा. चिवडा झाला असेल तर तोच अंक न बदलता पाठवा आणि यंत्र आडवं धरून वाचायला शिकवा. आडव्या पडद्यावर पानाची पूर्ण रुंदी बसते, अर्धं-अर्धं पान वाचत पुढे जाता येतं आणि अक्षर बरंच मोठं दिसतं. मासिकंच जास्त वाचायची असतील तर मात्र सहा इंचांचा आग्रह सोडून दहा इंची पडद्याचा ई-रीडर बघा. पुस्तकं पाठवायची वाट त्यालाही हीच राहील.